लाद्यांवरची वाट

उधना दरवाज्याबाहेरच्या आमच्या गल्लीत सायकलींवरून भांडण झालं, त्या वर्षी मी दुभाषाचं काम केलं आणि ते खोटं केलं. एवढं एक वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. लिहून झाल्यावर बघते तर ते अगदीच लहान दिसतंय.

मी मूळची सांगलीची. सांगलीत मुली सायकलवरून शाळेत जात, त्याचं कोणाला काही वाटत नसे. लग्न होऊन जळगावच्या मोठ्या घरात गेले आणि सायकल सुटली. तिथे बाहेर जायचं म्हणजे देवळात, नाहीतर हळदीकुंकवाला, आणि तेही कोणीतरी सोबत असेल तर. पुढे यांची सुरतेला बदली झाली. सरकारी कचेरीतली नोकरी, नाही म्हणायची सोय नव्हती. मी बरोबर आले ती बिऱ्हाड लावून देण्यापुरती. सासरे म्हणाले होते, "दोघांचा संसार तिकडे कशाला मांडायचा? तो खानावळीत जेवेल. सूनबाई इकडे असली म्हणजे तुझ्या आईला हात मिळेल."

सासूबाईंना दमा होता. चुलीपुढे बसल्या की त्यांचा श्वास लागायचा, तरी घरातल्या सगळ्यांचं त्या एकट्या करायच्या. माझ्याशी त्या कधी वाईट वागल्या नाहीत. वागल्या असत्या तर मला पुढे इतकं जड गेलं नसतं. माझं डोकं दुखलं तर त्या माझ्या आधी उठून बंब पेटवायच्या. अशा माणसापासून लांब राहायचं ठरवताना कारण तरी काय सांगायचं?

कारण आपोआप मिळालं. उधन्याला मराठी शाळा होती. लूमखात्यांत, म्हणजे कापडाच्या मागांवर, काम करणाऱ्या खानदेशी लोकांची मुलं तिथे येत आणि शाळेला शिक्षिका हवी होती. मी सहज अर्ज केला, निदान यांना तसंच सांगितलं. नोकरी लागली. जळगावहून निरोप आला, नोकरी आहे तोवर राहा, सुटली की इकडे ये. सगळ्यांना ते रीतसर वाटलं. मी मात्र त्या दिवशी संध्याकाळी दारापुढच्या ओटल्यावर बसून इतकी खूश होते की शेजारच्या मोटीबेननं विचारलं, "काय गं, घरी काही गोड बातमी?"

मोटीबेन म्हणजे मोठी बहीण. सगळी गल्ली तिला तेच म्हणायची, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. अंगानं भारी, गुडघ्यांनी अधू, आणि आवाज असा की खाडीच्या पुलावर ऐकू जावा. नवरा वारलेला, दोन मुली लग्न होऊन गावातच दिलेल्या. तिचा ओटला आणि आमचा ओटला यांच्यामध्ये फक्त एक पायरी होती. थंडीत पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, आला की पहिला वाटा आमच्या दारात. तो देताना सुद्धा शिवी घालून द्यायची. पहिल्यांदा ती मला "गांडी" म्हणाली तेव्हा मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. मग हे कचेरीतून विचारून आले की गुजरातीत त्याचा अर्थ नुसता वेडी असा होतो. "मग आता जाऊन बोल तिच्याशी," हे हसत म्हणाले, "नाहीतर ती खरंच वेडी समजेल तुला."

शाळा दुपारची होती. जायचे रस्ते दोन. मोठ्या रस्त्यावर ट्रक आणि खटारे. मी जुनी लेडीज सायकल घेतली आणि पहिल्याच आठवड्यात तिथे एका ट्रकनं मला कडेच्या चरात घातलं. लागलं फारसं नाही, कोपर सोलून निघालं. पण हे घाबरले. एरवी न बोलणारा माणूस त्या दिवशी ठामपणे म्हणाला, "त्या रस्त्यानं जायचं नाही. गल्लीतून जमत असेल तर कर नोकरी. नाहीतर सोड. आईला तरी मदत होईल."

गल्लीतून जमलं, ते लाद्यांमुळे. गल्लीच्या एका कडेनं पूर्वी उघडं गटार वाहायचं. ते झाकायला त्यावर दगडी लाद्या टाकल्या आणि ओटल्यांना लागून एक सपाट पट्टी तयार झाली. एक सायकल सुखानं जाईल, दोन समोरासमोर आल्या तर एकानं पाय टेकावा, इतकी रुंद. उरलेली गल्ली म्हणजे नुसती भुसभुशीत वाळू, चाक रुतून बसायचं. पट्टी थेट खाडीच्या पुलापर्यंत जायची आणि पुलापलीकडे उधन्याची कच्ची वाट. लूमखात्यांतल्या लोकांना ती आधी सापडली. दुपारची पाळी बदलली की घंट्या वाजवत सायकलींची रांग लागायची. कोणाच्या कॅरियरवर डबा, कोणाच्या दांडीवर जोडीदार. त्या रांगेत मधे मी, पदर कंबरेला खोचून. "बाईंना जाऊ द्या रे" असं कोणीतरी मागून ओरडायचं आणि वाट मोकळी व्हायची. खरं सांगते, त्या गल्लीच्या लांबीएवढं सुख मला तोवर कुठे मिळालं नव्हतं.

थंडीभर कोणाची तक्रार नव्हती. चैत्र लागला आणि बायकांना पट्टीचा दुसरा उपयोग सापडला.

तापलेला दगड, सपाट, वर दिवसभर ऊन. पापड वाळवायला याहून चांगली जागा कुठली? मोटीबेननं सुरुवात केली. जुनं धोतर अंथरलं आणि त्यावर उडदाचे पापड मांडले. दुसऱ्या दिवशी तांदळाचे सारेवडे. तिसऱ्या दिवशी समोरच्या घरातून वड्या आल्या, आणि आठवडा संपायच्या आत पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी झाली. गंमत म्हणजे मीही माझ्या कुरडयांचं एक फडकं मोटीबेनच्या फडक्याला लावून घातलं होतं. शाळेला निघताना मी सायकल हातात धरून ओटल्यावरून नेत असे आणि पुलाजवळ चढत असे. एकीची सायकल ओटल्यावरून जाते. पाळीची पाळी कशी जाणार?

एका दुपारी एकाचं चाक मोटीबेनच्या सारेवड्यांवरून गेलं. त्यानं वाचवायचा प्रयत्न केला, वाळूत घसरला आणि उठताना दुसऱ्या फडक्यावर पाय दिला. मोटीबेन ओटल्यावरून उतरली. गुडघ्यांचं दुखणं कुठे गेलं देव जाणे! तिनं सायकलीचा कॅरियर धरला आणि मागच्या चाकाची हवा सोडून दिली.

"आता जा चालत," ती म्हणाली. "चालताना खाली बघता येतं."

तो बिचारा शिरपूरकडचा माणूस. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. तो काही बोलला नाही, सायकल ढकलत गेला. पण त्याच्या मागचे बोलले. संध्याकाळी बायकांनी पट्टीच्या तोंडाशी खाटलो, म्हणजे दोरीची खाट, आडवी टाकली. सकाळी ती खाटलो वाळूत उलटी पडलेली होती. मग दोन खाटा आल्या. मग कोणाच्या तरी दारात कोणीतरी थुंकून गेलं. घरोघर तेच बोलणं. बायका म्हणायच्या, "गल्ली आमची की खात्याची?" आणि पुलावर माणसं म्हणायची, "लाद्या काय पापडांसाठी टाकल्या का?"

शेवटी गल्लीच्या टोकाला राहणारे काका मधे पडले. रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळ्यांना मान्य असलेले म्हातारे. "उद्या संध्याकाळी माझ्या ओटल्यावर बसू," ते म्हणाले. "खात्यातल्या लोकांनी एक माणूस पाठवावा. एकच. आणि मोटीबेन, तू आवाज घरी ठेवून ये."

"आवाज घरी ठेवला तर घर कोण ऐकेल?" मोटीबेन म्हणाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पट्टी बंद झाली तर नोकरी गेली आणि नोकरी गेली की जळगाव. हे शांत झोपले होते. त्यांना उठवून सांगावं, मला नाही जायचं तिकडे, असं दोनदा मनात आलं. पण असं म्हणायचं कसं? आमच्या घरी माहेरीही कोणी "मला हवं" असं म्हणत नसे. वाढताना आईनं विचारलं, भाकरी हवी का, तर "असली तर दे" म्हणायचं. भूक लागली असली तरी. स्वतःसाठी मागणं म्हणजे हावरटपणा, दुसऱ्यासाठी मागितलं तर चालतं. मोटीबेन शेजारी राहत होती, मधे एक पायरी. तिच्याकडे जाऊन, "मला जायला वाट ठेव" एवढं म्हणणं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

सभेला खात्यातल्या लोकांनी पाठवला तो तोच शिरपूरकडचा माणूस. हातात टोपी धरून उभा राहिला. काकांनी विचारलं, काय म्हणायचंय बोल. तो माझ्याकडे बघायला लागला. कोणीतरी म्हणालं, "मास्तरबेनला सांगू दे. ती दोन्हीकडची आहे." मलाही ते पटलं. तो त्याच्या अहिराणीत बोलेल आणि मी ते गुजरातीत सांगेन. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

तो हळू बोलला. "बाई, त्यासले सांगा. पापडना दिन शेत तवलोंग आम्ही मोठा रस्तावरतून फिरीसन जासूत. बहिणीस्ना पापड वाळू द्या. आमले काही तरास नही."

म्हणजे पापडांचे दिवस संपेपर्यंत आम्ही मोठ्या रस्त्यानं फिरून जाऊ. भांडण तिथेच मिटलं होतं. मी तेवढं गुजरातीत सांगायचं आणि सगळ्यांनी काकांकडचा चहा पिऊन घरी जायचं.

मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "ते म्हणतात, मोठ्या रस्त्यानं जाणं म्हणजे जीव मुठीत धरून जाणं. ट्रकवाला खाली बघत नाही. हा माणूस पडला तर गावाकडे त्याची म्हातारी आई आणि इथे लहान मुलगी, त्यांच्याकडे कोण बघेल? पापड वर अगाशीवरही वाळतात. माणसाला दुसरी वाट नाही." माझी गुजराती तेव्हा मोडकी होती. त्या दिवशी मात्र शब्द कुठून आले कळलं नाही. आवाज दाटून आला. ते नाटक नव्हतं. जळगावचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर होतं. लोकांना वाटलं, खात्यातल्या माणसासाठी.

त्या माणसानं माझ्याकडे बघितलं. काही म्हणेल असं वाटलं. मग त्यानं खाली, हातातल्या टोपीकडे बघितलं. मला वाटलं, बरं झालं, याला कळलं नाही.

काकांनी चष्मा काढून पुसला. सगळे मोटीबेनकडे बघत होते, आता ती काय बोलते. ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "ठीक आहे. माझे पापड उद्यापासून अगाशीवर." तिनं म्हटल्यावर बाकीच्यांचं काय चालणार? सायकलवाल्यांनी हळू चालवायचं, घंटी वाजवायची, संध्याकाळी लोक ओटल्यावर बसले की उतरून चालायचं, असं ठरलं. काकांकडे चहा झाला. हे घरी येताना म्हणाले, "तू इतकं बोलू शकतेस, मला माहीत नव्हतं." त्यांना अभिमान वाटला होता. आजही वाटतो. त्या मजुरांसाठी मी सभेत कशी उभी राहिले, ते हे अजून लोकांना सांगतात. हे पान त्यांच्या हातात पडेल तेव्हा पडेल.

दुसऱ्या दिवसापासून मोटीबेन परात घेऊन अगाशीवर चढायला लागली. जिना दगडी, पायऱ्या उंच. एकेका पायरीवर थांबून ती गुडघ्याला शिव्या द्यायची. रविवार आला तशी मी तिच्या हातातली परात घेतली आणि म्हटलं, मी मांडते. ती वर येऊन टाकीच्या सावलीत बसली. मी धोतर पसरून सारेवडे घालत होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "तुमचे गुडघे दुखतात खरे, पण बिचाऱ्या मजुरांचं भलं झालं."

"मजुरांचं?" ती म्हणाली. "तो तर फिरून जायला तयार होता."

माझा हात तसाच राहिला.

"फिरीसन जासूत. हे कळायला मला तू लागतेस? आम्ही काय म्हणतो, फरीने जईशुं. त्याची बोली तुझ्या सांगलीच्या मराठीपेक्षा आम्हाला जवळची आहे, गांडी. गल्लीत निम्म्यांना कळलं असेल. काकांना नसेल, त्यांना कमी ऐकू येतं."

"आणि त्याला?"

"तो गुजराती शेठच्या खात्यात काम करतो. त्याला गुजराती कळत नाही होय? सगळं कळलं. पण बाईमाणूस रडायला आलेली, तिला चारचौघांत खोटं पाडेल असा तो नाही. तू इतकी शिकलेली, तुला एवढंही दिसलं नाही?"

मला नव्हतं दिसलं. खानदेशी माणूस आणि मी, दोघं मराठी, म्हणून त्याचं बोलणं माझंच आणि बाकीच्यांना बंद, असं मी धरून चालले होते. गल्लीभर माणसं होती आणि माझं खोटं फक्त मलाच झाकलेलं वाटत होतं. लाजेनं मी खाली बघून सारेवडे घालत राहिले, तेही वाकडे.

"मग तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं.

"तुला काहीतरी हवं होतं. काय ते कळलं नाही. पण इतकं खोटं बोलावं लागलं म्हणजे मोठंच असणार." मग तिचा आवाज चढला. "माझ्या ओटल्यावर रोज बसतेस. माझा पोंक खातेस. आणि एक वाट मागायची तर दुसऱ्याच्या तोंडानं मागतेस? त्या दिवशी मला येऊन म्हणाली असतीस तर मी पापड काय, घर उचललं असतं. माग आता."

"आता काय मागू? मिळाली ना वाट."

"तरी माग. तोंडानं माग. नाहीतर उद्या परत खाटलो घालते."

तिनं घातली असती. मी हातातलं पीठ परातीत टाकलं. मग म्हणाले, "मला रोज त्या पट्टीवरून जायचंय." आणि ते निघाल्यावर मागून दुसरं निघालं, जे मी यांना सांगितलं नव्हतं, माहेरी सांगितलं नव्हतं. "मला जळगावला नाही जायचं. मला इथे बरं वाटतं."

मला वाटलं, आता ती मला जवळ घेईल. तिनं विचारलं, "तिकडे सासूचं कोण करतं?"

"कोणी नाही. त्याच सगळ्यांचं करतात. त्यांना दमा आहे."

"हं," मोटीबेन म्हणाली आणि गप्प बसली. सुरती माणूस गप्प बसला की समजावं, प्रकरण गंभीर आहे. खाली पट्टीवरून कोणीतरी घंटी वाजवत गेलं. मग ती म्हणाली, "शाळेला सुट्टी पडली की त्याच दिवशी गाडीत बसायचं. पोहोचल्या पोहोचल्या चूल हातात घ्यायची. सुट्टी संपेपर्यंत तिला स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नाही. बाकीचे दिवस तुझे. ते चोरून खाऊ नकोस, बसून खा."

तसंच केलं. दर सुट्टीला तापी लाइनची गाडी धरून गेले आणि चूल हातात घेतली. सासूबाई पहिल्या वर्षी गोंधळल्या, रिकाम्या हातांचं काय करावं त्यांना कळेना. नंतर त्या ओसरीवर बसून वाती वळायच्या आणि आत मला सूचना द्यायच्या. सुट्टीपुरतंच होतं हे. उरलेलं वर्ष त्या धुरातच असायच्या, आणि मी सुरतेत घंटी वाजवत शाळेला जायचे. हिशोब बरोबर झाला असं मी म्हणत नाही. पण बाकीचे दिवस मी बसून खाल्ले, हेही खरं. चैत्रात मोटीबेनचे आणि माझे पापड एकाच अगाशीवर वाळले. शिरपूरच्या माणसाची मुलगी चौथी पास होऊन गेली. त्याच्याशी त्या सभेबद्दल मी कधी बोलले नाही. तो पट्टीवर भेटला की पाय टेकून मला वाट द्यायचा. मी "राहू द्या, तुम्ही जा" म्हणायचे, आणि दोघंही एकमेकांसाठी थांबायचो. मागून कोणीतरी ओरडायचं, "अरे, तुमचं ठरेपर्यंत पाळी सुटेल!"

पुढे सासरे गेले आणि सासूबाई काही दिवस आमच्याकडे राहायला आल्या. तोवर त्या फार वाळल्या होत्या. दुपारी मोटीबेनच्या ओटल्यावर बसायच्या. एक खानदेशी मराठीत बोलायची, दुसरी सुरती गुजरातीत, आणि दोघींचं काही अडत नसे. तिथून त्या सायकलींची रांग बघायच्या. मी निघाले की मान वळवून पुलापर्यंत बघत राहायच्या.

एका रविवारी त्या म्हणाल्या, "मला बसवशील का गं मागे?"

मी यांच्याकडे बघितलं. यांनी मोटीबेनकडे बघितलं. मोटीबेननं घरातून उशी आणून कॅरियरवर बांधली. नऊवारी सावरून सासूबाई एका बाजूला बसल्या आणि त्यांनी माझ्या कंबरेला घट्ट धरलं. मोटीबेन थोडं अंतर कॅरियर धरून चालली, मग गुडघ्याला शिवी घालून तिनं सोडून दिलं. त्यांचं वजन जाणवतसुद्धा नव्हतं. लाद्यांच्या सांध्यांवर चाक टकटक करत होतं आणि दर सांध्याला त्या "अगं बाई" म्हणत होत्या, पण आवाजात हसू होतं.

मागे बसलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही. म्हणूनच मला बोलता आलं असेल. पूल जवळ आला तेव्हा मी म्हणाले, "आई, नोकरी हे निमित्त होतं. मलाच तिकडे यायचं नव्हतं. तुमचा त्रास दिसत होता, तरी यायचं नव्हतं."

पाठीवर त्यांचा श्वास लागत होता. समोरून एक सायकलवाला येत होता, त्यानं पाय टेकून वाट दिली. माझ्या कंबरेवरचा हात होता तिथेच होता.

"पुढे बघ," सासूबाई म्हणाल्या. "पुढे बघून चालव. आणि पूल आला म्हणून माघारी वळू नकोस लगेच."

मी पूल ओलांडला.